गोड पोह्यांचा पुरावा

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा दिवसभर माणसं येत होती आणि मी येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते. "शांतपणे गेल्या हो. झोपेतच. काही त्रास नाही झाला." लोक मान हलवायचे, "पुण्यवान बाई," म्हणायचे, थोडा वेळ फरशीकडे बघत बसायचे आणि रीतीप्रमाणे न सांगता उठून जायचे. समोरच्या फ्लॅटमधले गायधनीकाका आले, भिंतीला टेकून बसले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "त्रास नाही झाला, हे कशावरून?"

खोली माणसांनी भरलेली. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"अहो काका, झोपेत गेल्या त्या," मी म्हटलं.

"तेच विचारतोय. झोपेत त्रास होत नाही, हे कशावरून? परत येऊन कोणी सांगितलंय का?"

माझे दीर उठलेच होते. आमच्या ह्यांनी त्यांचा दंड धरून त्यांना आत नेलं म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी एका घरात दोन मयती झाल्या असत्या. काकांना त्याचं काहीच नव्हतं. उठताना माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "सुनंदाबाई, तुम्ही त्यांचं शेवटपर्यंत केलंत. ते मी रोज डोळ्यांनी पाहिलंय. त्यात शंका नाही." मी इतकी भडकले होते की हे वाक्य माझ्या कानावर पडलं, पण आत काही शिरलं नाही. ते गेल्यावर मी दार आपटलं आणि घरात जाहीर केलं, की यापुढे या घरात कोणी 'कशावरून' हा शब्द काढला तर त्याला त्या दिवशी जेवण मिळणार नाही. मुलांनी तो नियम पाळला. मी मुळातच चिडकी आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत काकांना सगळे मागे 'कशावरून' असंच म्हणायचे. "आज लिफ्टमध्ये कशावरून भेटला आणि माझा मजला चुकला," वगैरे. माणूस किडकिडीत, उंच, बारा महिने पांढरा हाफशर्ट, आणि थंडीत त्यावर बाह्या नसलेला स्वेटर. नोकरी वजनमापे खात्यात झाली. इन्स्पेक्टर. म्हणजे दुकानात जायचं आणि दुकानदाराचा काटा खरा आहे की खोटा, ते बघायचं. देवाने एखाद्या माणसाला त्याच्या खोडीसकट उचलून अगदी योग्य खुर्चीत बसवावं, तसं झालं ते. रिटायर झाले तेव्हा खुर्ची गेली. खोड घरी आली.

बुधवारच्या बाजाराला गोदाघाटावर जाताना काकांच्या पिशवीत मऊ फडक्यात गुंडाळलेलं एक किलोचं पितळी वजन असायचं. भाजी घेण्याआधी ते वजन पारड्यात ठेवायचे. आता सगळीकडे आकडे दाखवणारे काटे आलेत, तरी ठेवायचेच. गिरणारे गावाकडची एक मेथीवाली बाई त्यांना लांबून बघूनच ओरडायची, "आलं का काका तुमचं बाळ? निजवा, निजवा काट्यावर!"

"लय वर्षं झाली काका, आता तरी माझ्यावर इस्वास ठेवा की."

"तुझ्यावर आहे गं. काट्यावर नाही."

आणि गंमत म्हणजे ते पितळी वजनसुद्धा ते अधूनमधून जुन्या ऑफिसात नेऊन सरकारी वजनाशी ताडून आणायचे. मी एकदा म्हटलं, "अहो काका, पितळ आहे ते. त्याला काय होणारे?" तर म्हणाले, "पितळही झिजतं. शंका घ्यायची ती आधी आपल्या पिशवीतल्या वजनावर. मग दुसऱ्याच्या काट्यावर." हिवाळ्यात सगळं नाशिक सकाळी एकमेकांना विचारत असतं, निफाडला आज किती उतरलं. काकांच्या गॅलरीत तीन तापमापक टांगलेले. तीन कशाला? "एकच असला तर तो खोटं बोलतोय हे कळणार कसं?" तिघांचे आकडे कधी जुळायचे नाहीत. थंडी किती आहे ते नक्की न कळल्यामुळे काका कुडकुडत उभे राहायचे.

ही खोड लहानपणची. गायधनी घराणं रामकुंडावरच्या उपाध्यांचं. काका मुंज झाल्या झाल्या वडिलांच्या हाताखाली घाटावर बसायला लागले. एकदा लांबून आलेल्या एका यजमानाने आपल्या वडिलांचं श्राद्ध झाल्यावर विचारलं, "गुरुजी, आमच्या आबांना पोहोचलं ना हे सगळं?" काकांचे वडील म्हणाले, "पोहोचलं, पोहोचलं." आणि शेजारी ताम्हन धरून बसलेले आमचे काका म्हणाले, "कशावरून, बाबा?" वडिलांनी भिजलेल्या हाताने अशी लगावली की ताम्हन पायऱ्यांवरून गडगडत पाण्यात गेलं.

"पण सुनंदाबाई," काका मला सांगत होते, "थप्पड हे काही उत्तर नव्हे. आणि तो यजमान आहे ना, तो रडायला लागला. त्याला खरं तर तेच विचारायचं होतं. धीर होत नव्हता."

त्यानंतर ते घाटावर बसले नाहीत. वडिलांशी बोलणं होतं, पण कामापुरतं. वडील गेल्यावर त्यांचं सगळं काकांनी केलं, रीतसर, मुंडण करून. हे सांगून, मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "पोहोचत नाही, हे तरी कशावरून?"

एकदा जिन्यात मी त्यांना स्पष्टच सांगितलं. म्हटलं, काका, माणसाने इतकं संशयी असू नये, माणसं तुटतात. ते दुखावले. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी संशयी नाही हो. संशयी माणसाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्याला तुम्ही काही दाखवा, तो बघणार नाही. माझं तसं नाही. मला खरंच माहीत नसतं. मला कोणी दाखवलं तर मी लगेच मानतो." मग पिशवी उचलत म्हणाले, "पण दाखवत कोणी नाही. चिडतात."

न चिडणारी एकच व्यक्ती होती. शालूकाकू. त्यांची बायको.

काकू मनमाडच्या. वडील रेल्वेत गार्ड. ठेंगणी, गोरीपान, खणखणीत आवाजाची बाई. हळदीकुंकवाला बायका जमल्या की काकूंना आग्रह व्हायचा, 'तुमची पोह्यांची गोष्ट सांगा.' काका मुलगी बघायला मनमाडला गेले तेव्हा काकूंचे मामा थाटात म्हणाले, "पोहे मुलीनेच केलेत बरं का." आणि बघायला आलेला मुलगा म्हणाला, "कशावरून?"

"बाबांचा चेहरा उतरला," काकू सांगायच्या. "सासऱ्यांनी तर डोळेच मिटून घेतले. मी पडद्याआडून ऐकत होते. माझं डोकं फिरलं! तशीच बाहेर आले आणि म्हटलं, उठा, आत या, तुमच्यासमोर करून दाखवते. आणि हे खरंच उठले की हो! स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि मी कांदा चिरायला घेतल्यापासून हे बघत राहिले. झाल्यावर बशी पुढे केली. सगळे खाल्ले, बशी खाली ठेवली, म्हणाले, छान झालेत. मी मनात म्हटलं, हा माणूस वेडा आहे, पण निदान बघतो तरी." गोष्ट इथे संपायची, बायका हसायच्या आणि काकू वाण द्यायला उठायच्या.

काकूंचं बिघडायला लागलं ते हळूहळू. दुधाखालचा गॅस चालूच राहायचा, मुलीचं नाव बहिणीला जायचं. काकांनी अर्थातच पहिल्या डॉक्टरांना विचारलं, कशावरून? दुसऱ्यांना विचारलं. तिसऱ्या डॉक्टरांनीही डिमेन्शियाच सांगितला, तेव्हा काका पहिल्यांदाच काही न विचारता घरी आले. गॅलरीत जाऊन तापमापकांसमोर उभे राहिले. मी समोरून बघत होते. मला त्या दिवशी त्यांचा राग आला नाही.

मग ती संध्याकाळ. मी वाटीभर शिरा घेऊन गेले होते. काकू पलंगावर, शेजारी हरसूलकडची यमुना, दिवसभर काकूंजवळ असायची ती. काका चहा घेऊन आत आले. काकूंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी तुझा नवरा, शालू."

आणि काकू म्हणाल्या, "कशावरून?"

यमुनाने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हा म्हातारा कोसळतो. पण काकांचा चेहरा असा झाला, जसा कठीण प्रश्न आल्यावर एखाद्या हुशार पोराचा होतो. चहा खाली ठेवला, खुर्ची ओढली, काकूंसमोर बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे. विचारायलाच पाहिजे. दाखवतो."

लग्नाचा फोटो आणला. काकूंनी निरखून पाहिला. "हा तरणा मुलगा आहे. तुम्ही म्हातारे आहात." काका आमच्याकडे वळून म्हणाले, "मुद्दा रास्त आहे." आधारकार्ड आणलं. "हा तर चोर दिसतोय," काकू म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्या फोटोत काका तसेच दिसत होते. मग मला पुढे केलं. "या सुनंदाबाई. त्या सांगतील."

"या आमच्या लग्नात होत्या का?"

मी तेव्हा सटाण्याला पाळण्यात होते.

"आजे, आजोबाच हायेत ते," यमुना म्हणाली. "मी कशाला खोटं बोलू?"

"तू यांच्याच घरात कामाला. तू वेगळं काय सांगणार?"

"साक्षीदार पक्षपाती," काका म्हणाले. "मान्य."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हेच. दिवसभर काकू शांत असायच्या, उन्हं उतरली की विचारायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद घालू नका, त्या म्हणतील ते 'हो' म्हणा, गोळी द्या. यमुनाही कळवळून सांगायची, "आजोबा, तुमी फकस्त हां म्हना ना. कशाला रोजची परीक्षा?" पण काका ऐकतील तर शपथ. "अगं, ती विचारतेय. विचारणाऱ्याला गोळी देऊन गप्प करायचं? माझ्या बाबांनी थप्पड दिली, तुम्ही गोळी द्या म्हणता." असं म्हणून पुन्हा कपाट उघडायचे. कधी तिची जुनी पैठणी, कधी मनमाडच्या घराचं कुलूप, जपून ठेवलेलं. काकू एकेक पुरावा हातात घेऊन बघायच्या आणि परत द्यायच्या. "हे कोणाकडेही असेल." एकदा कपाटातून वस्तू काढता काढता काका मला हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मी हिला ओळखतो असं धरून चाललो होतो. दाखवा म्हटल्यावर हातात काहीच नाही हो."

दिवाळीनंतर पुण्याहून नीता आली. त्यांची एकुलती एक मुलगी. तिने आईसाठी आपल्या घराजवळ एक जागा पाहून ठेवली होती. नर्स, डॉक्टर, बाग, सगळं होतं म्हणे. ती काही दुष्ट मुलगी नाही, बापाचे खोल गेलेले डोळे तिला बघवत नव्हते. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, मी तिच्या बाजूने बोलेन म्हणून. मी बोलणारही होते.

"बाबा, तिला तुम्ही कोण तेच कळत नाही. मग ती इथे असली काय नि तिथे असली काय?"

"कळत नाही, कशावरून?"

"बाबा, प्लीज! रोज विचारते ना ती, तुम्ही कोण म्हणून?"

"विचारते. म्हणजे इथे कोणीतरी असायला हवं, हे तिला माहीत आहे. तो मीच का, एवढंच तिला तपासायचंय." काकांचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. "ज्याला काहीच माहीत नाही तो विचारील कशाला, नीता? भिंत विचारते का?"

नीता रडायला लागली. मीही तिची बाजू विसरले. काका काकूंकडे बघत होते, ते एकदम उठून स्वयंपाकघरात गेले. डबे वाजले. मोहरी तडतडली. काकांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. यमुना धावली, तर तिला बाहेर घालवलं. थोड्या वेळाने बशी घेऊन आले. पोहे. कांदा जळालेला, कोथिंबीर काड्यांसकट.

काकूंनी एक घास घेतला. चावता चावता थांबल्या. दुसरा घास घेतला.

"मीठ नाही यात," त्या म्हणाल्या. "साखर पडलीय."

काका बशी तशीच पुढे धरून उभे राहिले.

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ. मग त्यांचा तो जुना खणखणीत आवाज निघाला. "तरी सगळे खाल्लेत. बोलला नाहीत एक अक्षर!" आणि हात पुढे करून काकांच्या गालाला लावला. "अहो, इतके म्हातारे कधी झालात?"

मी पदर डोळ्यांना लावला. नीता उठून आईच्या मांडीवर पडली.

नंतर काकांनी सांगितलं. हळदीकुंकवाच्या गोष्टीत जे कधी आलं नाही, ते. त्या दिवशी मनमाडला काकू संतापाने थरथरत होत्या आणि त्या भरात मिठाऐवजी साखरेचा डबा उघडला गेला. समोर बसून काका बघत होते. वजनमापांचा इन्स्पेक्टर, डोळ्यांसमोर चूक झालेली, आणि त्यांनी ते गोडमिट्ट पोहे सगळे खाल्ले आणि 'छान झालेत' म्हणून शिक्का मारला. पाहुणे गेल्यावर काकूंनी कढईतले चाखले तेव्हा त्यांना कळलं. लग्नानंतर त्यांनी विचारलं, बोलला का नाहीत? "मी म्हटलं, तुझ्याकडे बघितलं आणि पुढे काही तपासावंसं वाटलंच नाही." हे सांगताना काका त्या वयातही लाजले. "आम्ही दोघांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणून म्हटलं, एवढा एकच पुरावा आहे, जो दुसऱ्या कोणाकडे असू शकत नाही."

नीता पुण्याला परत जाताना म्हणाली, "ठीक आहे बाबा. आई विचारतेय तोवर इथे राहू दे. पण ती विचारायची थांबली, की मला फोन करायचा. मग तुम्ही हट्ट करायचा नाही. शब्द द्या."

"दिला," काका म्हणाले. शब्द दिला की हा माणूस मोडायचा नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात मी संध्याकाळी माझं दार किलकिलं ठेवायला लागले. उन्हं गॅलरीतून गेली की समोरून काकूंचा आवाज यायचा, "तुम्ही कोण?" मग "कशावरून?" आणि मग फोडणीचा चर्र आवाज. ज्या शब्दावर मी घरात बंदी घातली होती, तो ऐकू आला की मला सुटल्यासारखं व्हायचं आणि मी कुकर लावायचे. कधी काकू हसायच्या, कधी "हे तुम्हाला कोणी सांगितलं असेल," म्हणून बशी सारायच्या. तसं झालं की काका दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगायचे, "काल नापास." त्यात तक्रार नसायची. कांदा मात्र आता नीट परतायला लागले होते.

संक्रांत झाली. थंडी जाता जाईना. एके दिवशी दुपारी गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला. मी काकूंजवळ बसले होते, काका दाराशी. तो बिचारा सिलिंडर खांद्यावरून उतरवतोय, तोच काकू गोड आवाजात त्याला म्हणाल्या, "अहो, किती उशीर! हातपाय धुवा, पान वाढते." तो माणूस गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. काका शेजारीच उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो म्हण बाबा," काका त्याला म्हणाले. ज्यांनी डॉक्टरांचं कधी ऐकलं नाही, ते त्याला म्हणाले, हो म्हण.

त्या संध्याकाळी प्रश्न आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी माझं दार सताड उघडं ठेवलं, तरी नाही. फोडणीचा आवाज तेवढा यायचा. काकू आता कोणालाही 'अहो' म्हणायच्या, औषध दिलं की घ्यायच्या, बस म्हटलं की बसायच्या. यमुना म्हणाली, "आजी लय गुणाची झाली आता. काय बी त्रास नाय." मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

मग काका माझ्या दारात आले. एका हातात रिकामी बशी, दुसऱ्या हातात फोन. त्यांना आत बसा म्हटलं, तर उभेच राहिले.

"सगळे खाल्ले तिने," ते म्हणाले. "एक कण ठेवला नाही. छान झालेत म्हणाली."

"मग चांगलंय की."

"मीठ नव्हतं त्यात, सुनंदाबाई. साखर होती." बशीकडे बघत म्हणाले, "आता तिला काही कळत नाही. मीठ नाही, साखर नाही, मी नाही. नीताला शब्द दिलाय. तिचा नंबर लावून द्या जरा, मला चष्म्यातून दिसत नाहीये."

मी फोन हातात घेतला. नंबर समोरच होता. आणि माझ्या तोंडून आलं, "कशावरून?"

काकांनी मान वर केली.

"काय कशावरून?"

"कळत नाही, हे कशावरून?" मला माझाच आवाज ओळखू येईना. "गोड पोहे पुढे आले, ते सगळे खाल्ले, एक शब्द बोलल्या नाहीत, वर छान झालेत म्हणाल्या. मनमाडला तुम्ही काय केलं होतंत?"

काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. जिन्यातून कोणीतरी गाणं लावून खाली गेलं.

"म्हणजे... ती मला सांभाळून घेतेय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काहीच म्हणायचं नाहीये. मी विचारतेय."

"याला पुरावा नाही, सुनंदाबाई."

"नाहीच आहे. पण उलट तरी कुठे आहे?"

काकांनी हळूच हात पुढे केला आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. खिशात टाकला. निघाले, परत वळले. "घरात साखर आहे का? आमची संपली. उद्या पुन्हा करून बघायला हवं. एकदा बघून काही ठरवता येत नाही." मी वाटी भरून दिली आणि म्हटलं, पुरेल एवढी. हा माणूस, ज्याने बाजारातल्या काट्यावर कधी विश्वास ठेवला नाही, त्याने ती वाटी काही न विचारता दोन्ही हातांनी धरली आणि न सांडता समोर घेऊन गेला.

खरं सांगते, मला स्वतःला तसं वाटत नाही. मला वाटतं, काकू आतून गेल्या. मी काकांना खोटा आधार दिला असं आमचे हे म्हणतात. नीताचा दर रविवारी फोन येतो, काका तिला सांगतात, तपासणी चालू आहे. अजून रोज उन्हं उतरली की समोर मोहरी तडतडते. मी गॅस बंद करते, दार उघडते आणि चौकटीत उभी राहून ऐकते. अजून तरी काकूंचा प्रश्न आलेला नाही.